ठेवू की खोडू

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. परीक्षेला जाताना मुले कागदाखाली धरायला नेतात ना, वर लोखंडी चिमटा असलेला, तो. दुकानदार मला रायटिंग पॅड म्हणतो. पण ज्या घरात माझे आयुष्य गेले तिथे 'पुठ्ठा कुठंय?' हीच हाक ऐकत मी म्हातारा झालो. माझे कोपरे आता फुगले आहेत आणि पाठीवरचा तपकिरी रंग उडाला आहे. चिमटा मात्र अजून पहिल्यासारखा कडक आहे. त्यात ज्याचे बोट एकदा सापडले तो मला सहसा विसरत नाही.

एका लहानशा कारखान्यात लाकडाचा भुसा सरसात कालवून, तापवून, यंत्राखाली दाबून मला घडवले. माझ्यासारखी शेकडो भावंडे त्या दिवशी जन्मली. मग आमच्या डोक्यावर चिमटे ठोकले गेले आणि आम्ही दुकानोदुकानी पांगलो. मला ताईने घेतले.

ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या यंत्रावर बसायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती स्वतःच अजून फ्रॉक घालत होती, आणि धाकटा भाऊ तिच्या गळ्यात पडला. त्याने शिकावे, खुर्चीत बसून काम करावे, एवढीच तिची हौस होती. म्हणून वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मला आणले आणि माझ्या पाठीवर खडूने त्याचा आसन क्रमांक लिहिला. मी माझ्याकडून कसूर केली नाही. पण नापास व्हायला धाकट्याला कोणाच्या मदतीची गरज नव्हती. दोन वर्षे तो माझ्यावर कोपर टेकून खिडकीबाहेर बघत बसला, आणि मग शाळा सोडून मालमोटारींवर हमालीला गेला. मी पाण्याच्या पिंपावरचे झाकण झालो. कित्येक वर्षे मी त्या ओलाव्यात काढली. माझे कोपरे फुगले ते तेव्हा.

आता जे सांगायचे ते सांगताना मला जड जाते. एका संध्याकाळी धाकटा एका गोदामात तांब्याची तार चोरायला शिरला. तिथल्या पहारेकऱ्याने त्याला अडवले. धाकट्याने लोखंडी गजाने त्याला मारले. पहारेकरी खाली पडला, आणि पडलेल्या माणसाला धाकट्याने आणखी दोनदा मारले. पहारेकरी मेला. न्यायालयाने धाकट्याला फाशी सांगितली, आणि ती शिक्षा वरपर्यंत कायम राहिली. ते दोन घाव वगळून मी ही गोष्ट सांगू शकलो असतो, पण तसे सांगायचे नाही असा आमचा नियम आहे. तो नियम घालून दिला स्टेनोकाकांनी.

स्टेनोकाका न्यायालयातले निवृत्त लघुलेखक. न्यायाधीश बोलत आणि काका टिपून घेऊन टंकलेखन करत. नोकरीत त्यांनी फाशीचे नऊ निकाल टंकले होते आणि त्यांतल्या एकाही पानावर एकही चूक नव्हती. तेव्हा त्यांना याचा अभिमान वाटे. निवृत्त झाल्यावर मात्र ती नऊ स्वच्छ पाने त्यांना जेवू देईनात. त्यांनी चार-पाच जण जमवले. दर रविवारी ही मंडळी बसस्थानकाबाहेर एक टेबल मांडून उभी राहत आणि फाशीची शिक्षाच बंद व्हावी म्हणून सह्या गोळा करत. कोणाला फाशी ठरली की त्या माणसासाठी दयेचा वेगळा अर्ज करत. धाकट्याची बातमी वाचून काका आपणहून ताईच्या दारी आले. घरात लिहायला टेकण नव्हते, म्हणून ताईने पिंपावरून मला उचलले, साडीच्या टोकाने पुसले आणि काकांपुढे धरले. असा मी पुन्हा कामाला लागलो.

काकांची कामाची एक पद्धत होती. ते म्हणत, लोकांपुढे कागद धरला की आधी मेलेल्याचे नाव घ्यायचे. त्याला कसे मारले ते सांगायचे, काही न लपवता. मग मारणाऱ्याचे नाव. आणि सगळ्यात शेवटी मागणे : याने केले ते केले, त्याला तुरुंगात ठेवा, पण त्याचा जीव घेऊ नका. वाट अडवून उभे राहायचे नाही आणि चिडलेल्याशी वाद घालायचा नाही. अर्ज पाठवायला सव्वीस दिवस हातात होते.

ताईने पहिले चार दिवस तसेच केले. ती आधी पहारेकऱ्याचे नाव घ्यायची. 'त्याला माझ्या भावानं मारलं,' इथवर ती आली की समोरच्याचा चेहरा बदलायचा. एका बाईने आपल्या मुलीचा हात धरून तिला मागे ओढले, जणू ताईच्या हातात मी नसून तो गजच होता. चार दिवसांत अकरा सह्या झाल्या. त्यातही एका गृहस्थांनी सही केल्यावर बक्षिसाची सोडत कधी आहे ते विचारले.

पाचव्या दिवशी कारखान्याच्या फाटकात तिच्या शेजारच्या यंत्रावरच्या मैत्रिणीने हळूच विचारले, खरेच का ग त्याने केले? ताई दमलेली होती. ती म्हणाली, नाही, त्याला अडकवलाय. मैत्रिणीचे डोळे भरून आले. तिने सही केलीच, शिवाय चौघींना हाक मारून बोलावले.

तिथून पुढे ताई तेच सांगत गेली. लोक हळहळत, सरकारला शिव्या देत, नाव-पत्ता लिहून सही करत. कागद भरला की दुसरा लागे. माझा चिमटा दिवसभर उघडत-मिटत राहिला. खरे सांगायचे तर मला आनंदच होत होता. पिंपावर कुजत पडलेल्याला एवढे मोल आले होते! खोटे बोलून घेतलेली सही आणि खरे सांगून घेतलेली सही माझ्यावर सारखीच टेकते. मला फरक कळत होता, पण मी तो मनावर घेतला नाही, याची मला आजही लाज वाटते. दहा-बारा दिवसांत सहाशे बारा सह्या झाल्या. त्या अकरा सह्यांचा कागद तिने फाडून टाकला होता, कारण त्या माणसांना वेगळेच सांगितले होते.

मधल्या रविवारी ती टेबलाशी गेलीच नव्हती. मग पुढचा रविवार आला. ताई टेबलाशी उभी राहून तिघा-चौघांना सांगत होती की माझ्या भावाचा यात काही दोष नाही. थोड्या अंतरावर एक पन्नाशीची बाई पिशवी घेऊन बसची वाट बघत होती. तिच्या नखांत माती होती. ती दोन पावले पुढे आली, ताईचे बोलणे तिने शेवटपर्यंत ऐकले, आणि मग बसची वेळ विचारावी तशा आवाजात विचारले,

"मग माझ्या नवऱ्याला कोणी मारलं?"

ताईने तिला ओळखले नव्हते. न्यायालयात ताई नेहमी मागच्या बाकावर बसायची आणि पहारेकऱ्याच्या बायकोकडे बघण्याची तिची कधी छातीच झाली नव्हती. आता ती बाई एक हात अंतरावर उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती. बस आली, तशी ती बाई निघून गेली.

काकांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून सगळे ऐकले होते. त्यांनी मला ताईच्या हातातून घेतले आणि एकेक कागद चाळला.

"यातल्या किती जणांना खरं माहीत आहे?" त्यांनी विचारले.

"एकालाही नाही."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले की हे कागद मी अर्जाला जोडणार नाही. ताईने त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. बारा दिवस उरलेत, हे कागद टाकून दिले तर मीच त्याला दोरावर चढवल्यासारखे होईल, असे ती म्हणत राहिली. काकांनी मला तिच्या हातात परत दिले. कागद तुझे आहेत, काय करायचे ते तू ठरव, असे सांगून ते टेबल आवरायला लागले.

दुसऱ्या दिवशी तुरुंगात भेटीचा दिवस होता, काका फाटकापर्यंत सोबत आले होते. भेटायला येणाऱ्यांचे सामान फाटकाशी एका फळीवर ठेवून घेतात, तिथे मी पडून होतो. आत काय झाले ते मी पाहिले नाही. परतताना बसमध्ये ताईने मला मांडीवर घेऊन काकांना सांगितले, तेवढेच मला ठाऊक आहे. तिने धाकट्याला सगळे सांगून टाकले होते. तो खूश होईल, निदान 'जोड ते कागद' म्हणेल, असे तिला वाटले होते. तो जाळीला कपाळ टेकून म्हणाला, "ताई, मी केलंय. तू 'नाही केलं' म्हणत फिरतेस, तेव्हा मला वाटतं, मी जो आहे तो तुला नकोच आहे."

हे सांगताना ताई बसमध्ये सगळ्यांसमोर हमसून रडली. तिचे पाणी माझ्यावर पडले.

त्या दिवसापासून तिने कामावर रजा टाकली आणि सह्यांच्या कागदांवरचे पत्ते शोधत दारोदार फिरायला लागली. दार उघडले की मला पुढे धरायची, त्या माणसाची सही बोटाने दाखवायची आणि म्हणायची, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पहारेकऱ्याला माझ्या भावानंच मारलं. पडल्यावर आणखी दोनदा मारलं. ही तुमची सही आहे. ठेवू की खोडू?"

मित्रांनो, असे विचारत फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुष्कळांनी दार लावून घेतले. पहिली सही करणारी मैत्रीण म्हणाली, खोड, आणि पुढे जेवणाच्या सुट्टीत ती दुसरीकडे बसायला लागली. एका न्हाव्याने कबूल केले की त्याने ती सही नळाच्या पाण्याची तक्रार समजून केली होती. पण आता नीट ऐकले आहे तर राहू द्या, नळाचे पुढच्या वेळी बघू. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी खोडायला सांगितले, पण त्याआधी तिला बसवून पाणी प्यायला लावले. एका शिक्षिकेने ताईच्या हातातले पेन ओढून घेतले आणि आपली सही स्वतःच खोडली, इतक्या जोरात की ती रेघ चार कागद फाडून माझ्या अंगात रुतली. ती बाई खुनाबद्दल एक अक्षर बोलली नाही, तिला राग फसवल्याचा होता. ती रेघ माझ्यावर अजून आहे.

संध्याकाळी ताईच्या पायांना फोड आलेले असत. उरलेल्या सह्या मोजताना तिचा चेहरा बघवत नसे. ज्यांची घरे सापडली नाहीत किंवा दारे उघडली नाहीत, त्यांच्या सह्या शेवटी तिने स्वतः खोडल्या. सहाशे बारांपैकी एकशे सत्तावीस राहिल्या.

शेवटच्या दिवशी ती पहारेकऱ्याच्या बायकोकडे गेली. ती बाई एका रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांमध्ये माती भरायचे काम करत असे. ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. काकू, मी खोटे बोलले, त्यानेच मारले, असे ती म्हणाली. सही मागायला तिचे तोंड उघडेना, मी नुसताच तिच्या गुडघ्यांवर पडून राहिलो. काकूंनी चार पिशव्या भरून होईतो मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "सही मी करणार नाही. त्याच्यासाठी माझा हात उठणार नाही. पण त्याला मारा असंही मी कधी म्हटलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही."

एवढे तरी लिहून घेऊ का, असे ताईने विचारले. घे, असे काकू म्हणाल्या. ताईने तेवढी चार वाक्ये जशीच्या तशी लिहिली आणि वाचून दाखवली. काकूंनी मान हलवली आणि पुढची पिशवी ओढली.

काकांनी तो कागद सगळ्यांत वर ठेवला. खाडाखोडीचे कागद पुन्हा स्वच्छ लिहून काढावेत असे गटातल्या एकाने सुचवले, पण काकांनी ऐकले नाही. अर्ज तसाच गेला, चारशे पंच्याऐंशी खोडलेल्या सह्यांसकट.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. सर्व बाबींचा विचार करून अर्ज फेटाळण्यात येत आहे, असे त्यात होते. ते एकच वाक्य होते आणि त्यात टंकलेखनाची एकही चूक नव्हती. काकांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वरचा कागद तिथे कोणी वाचला का, हे आम्हाला कधीच कळले नाही.

शेवटच्या भेटीत धाकट्याने ताईला सह्या किती राहिल्या ते विचारले. ती म्हणाली, एकशे सत्तावीस.

"मी केलं हे माहीत असून?"

"माहीत असून."

त्याने तिला तो आकडा पुन्हा एकदा म्हणायला लावला.

त्या सकाळी ताई आणि काका तुरुंगाच्या भिंतीला लागून बसले होते. मी ताईच्या मांडीवर होतो, माझ्या चिमट्यात काहीच नव्हते. ऊन भिंतीवरून खाली उतरले तेव्हा एक शिपाई बाहेर आला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "झालं." ताईने त्याला विचारले की धाकट्याने काही खाल्ले होते का. शिपायाला ते माहीत नव्हते. माझ्या चिमट्यात इतके कागद राहिले, पण तिला लागणारा एक माणूस मला धरून ठेवता आला नाही. मित्रांनो, मी भुशाचा आहे, मला रडता येत नाही. आले असते तर त्या दिवशी रडलो असतो.

घरी आल्यावर ताईने मला कपाटामागे सरकवले. तिला माझे तोंड बघायचे नव्हते आणि मी तिला दोष देत नाही. तिथे अंधार होता, झुरळे होती आणि यंत्राच्या तेलाचा वास लागलेली तिची जुनी साडी होती. वर्ष उलटले, त्यावर आणखी काही महिने गेले.

मग एकदा काकांचा आवाज ऐकू आला. दूरच्या एका शहरात कोणाला तरी फाशी ठरली होती. ताई म्हणाली, माझे आता त्यात काय राहिले आहे? काका म्हणाले, काहीच नाही, आणि पाणी पिऊन निघून गेले. रविवारी सकाळी तिने कपाटामागे हात घातला. माझ्यावरची धूळ फुंकली, चिमट्याला तेलाचे दोन थेंब सोडले आणि मला काखेत मारून बसस्थानकावर आली. टेबल होते तिथेच होते. काका खूप वाकले होते.

त्या दिवसापासून ताई काकांच्या पद्धतीने बोलते. आधी मेलेल्याचे नाव घेते. काही लपवत नाही. सह्या कमीच होतात.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी काकू आल्या. हातात पिशवी होती, बसला वेळ होता. कागदाकडे बघून त्यांनी विचारले, याने काय केले? ताईने सगळे सांगितले. एका दुकानदार बाईला मारले होते, तिला दोन मुले होती, मुलांची वयेसुद्धा ताईने सांगितली. काकूंनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी पेन मागितले. त्यांना सहीची सवय नव्हती, अक्षरे एकेक करून उमटत होती. मी हलू नये म्हणून ताईने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. जी सही मिळावी म्हणून ती स्वतःचे उरलेले आयुष्य द्यायला तयार झाली असती, ती आता परक्या माणसाच्या कागदावर होत होती.

"हा माझा कोणी नाही, म्हणून जमलं," काकू म्हणाल्या. पेन परत करताना त्यांनी ते सोडले नाही. ताईकडे बघून त्यांनी विचारले, "तेव्हा मी केली असती, तर तुझा भाऊ वाचला असता का?"

मला मनापासून वाटले की ताईने 'नाही' म्हणावे. एका शब्दाचे काम होते. काकूंच्या डोक्यावरचे ओझे उतरले असते, कोणाचे काही बिघडले नसते, आणि खोटे पकडायला तिथे कोणी नव्हते. ताईचे ओठ हललेसुद्धा. पण एवढ्या दारांवर खरे बोलून आलेल्या बाईला ते जमले नाही.

"माहीत नाही, काकू," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली. बस आली होती, पण त्या गेल्या नाहीत. टेबलाजवळच्या कठड्यावर त्या बसून राहिल्या, आणि थोड्या वेळाने ताईही त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस भरत आले आहेत आणि पुठ्ठे नवे मिळतात. पण एखाद्या दिवशी कोणीतरी असा कागद घेऊन तुमच्या दाराशी येईल. सही करा किंवा करू नका. न वाचता मात्र करू नका, आणि न ऐकता नाकारूही नका. मेला कोण ते विचारा, मारले कोणी ते विचारा, आणि सांगणारा खरे सांगतो आहे का ते बघा. फक्त नंतर बघू म्हणून दार लावू नका. ज्याच्यासाठी तो कागद आहे तो माणूस अजून जिवंत आहे, म्हणूनच कोणी तुमच्याकडे आले आहे.